उघड्या तोंडाचा चार

हॉरेस टॉन्क्सला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, याचा मला पंचवीस वर्षं राग आहे. क्लबची सभासद-नोंदणी मी बघते. दर वर्षी पाच-सहा नवे सभासद येतात, मी त्यांची ओळख करून देते, आणि हा भला माणूस हात मिळवता मिळवता त्यांच्या खांद्यावरून मागे बघत असतो. मागे त्यांची मोटरसायकल उभी असते. पुढच्या महिन्यात तो मला विचारतो, "मॉरीन, ती त्रेपन्नची हेरॉन आज आली नाही का? एक सायलेन्सरवाली?" मी म्हणते, "तिला मालक आहे, हॉरेस, त्याचं नाव डेरिक आहे, आणि त्याला कांजिण्या झाल्यात." त्यावर तो म्हणतो, "टाकी मात्र पंचावन्नची बसवलीय त्याने."

आमचा क्लब कॉर्वडेल गाड्यांचा. कारखाना नेदरटनला कालव्याकाठी होता. सहासष्ट साली बंद पडला, आता तिथे गालिच्यांचं दुकान आहे. पण गाड्या अजून आहेत, आणि गाड्या आहेत तोवर भांडणं आहेत. ही बावन्नची की त्रेपन्नची, ही साधी ऑस्प्रे की ऑस्प्रे स्पोर्ट, हे मडगार्ड हिचंच की दुसरीचं. ज्याची कागदपत्रं हरवलीत त्याला सरकारी नोंदणी कार्यालयात क्लबचं पत्र द्यावं लागतं, की ही गाडी अमुक सालची, अमुक मॉडेलची. ते पत्र हॉरेस देतो. म्हणजे देतो किंवा देत नाही.

त्याची पद्धत सोपी आहे. गुडघ्यावर बसायचं, इंजिनवरच्या नंबरवर पातळ कागद ठेवायचा, वरून आडवी पेन्सिल घासायची. आकड्यांचा ठसा कागदावर उमटतो. तसंच सांगाड्यावरच्या चासी नंबरचं. मग घरी जाऊन भिंग, कुठली गाडी कधी बाहेर गेली त्या नोंदीच्या, म्हणजे कारखान्याच्या पाठवणीच्या वह्या, आणि तीन दिवस कोणाशी न बोलणं. पेशाने तो बोल्टच्या कारखान्यात तपासनीस होता. चाळीस वर्षं एकच काम: बोल्ट मापात बसतो की नाही. बसला तर या पेटीत, नाही तर त्या. त्याला मधली पेटी माहीत नव्हती.

आमच्याकडे साल कसं धरतात हे बाहेरच्यांना पटकन पटत नाही. नवं मॉडेल सप्टेंबरात निघायचं, त्यामुळे ऑक्टोबर अठ्ठावन्नला बनलेली गाडी एकोणसाठची. हॉरेसची मुलगी ऑक्टोबर अठ्ठावन्नची. तिच्या लग्नात भाषणाला उभा राहून त्याने सांगितलं की वधू खरं तर एकोणसाठचं मॉडेल आहे. कोणी हसलं नाही. तोही हसला नाही, कारण तो विनोद नव्हता.

लोक त्याला घाबरायचे. एका निवृत्त हेडमास्तरांनी सात वर्षं खपून गाडी उभी केली, आणि हॉरेसने पाच मिनिटांत सांगितलं, "तीन गाड्या जोडलेल्या आहेत या. चांगल्या आहेत." हेडमास्तर भिंतीला टेकले. मी त्या रात्री फोनवर हॉरेसला म्हटलं, "जरा गोड बोलायला काय जातं तुझं?" तो म्हणाला, "गोड बोललो तर चौथी निघेल का एखादी?" अशा माणसाशी काय बोलणार.

त्याचा सगळ्यात मोठा भक्त म्हणजे सिरिल वॉसेल. दर मंगळवारी कामगार क्लबच्या मागच्या खोलीत आम्ही जमतो. सिरिल हॉरेसच्या शेजारी बसायचा, त्याच्यासाठी काळी बिअर आणायचा, आणि कोणी नवा माणूस दिसला की सांगायचा, "हा नसता ना, तर मी जन्मभर मूर्खच राहिलो असतो."

ती गोष्ट चौऱ्याऐंशीची. सिरिलकडे एक ऑस्प्रे स्पोर्ट होती. त्याच्या थोरल्या भावाने, लेनने, ती एक्कावन्नच्या सप्टेंबरात थेट कारखान्याच्या फाटकावरून नवी घेतली होती, म्हणजे बावन्नचं पहिलं स्पोर्ट. पोरं झाल्यावर लेनने ती सिरिलला दिली, आणि स्पोर्ट म्हणून दिली. पुढे शेडमध्ये पाणी शिरून कागद गेले, म्हणून सिरिल हॉरेसकडे पत्र मागायला आला. मी तिथेच होते, सँडविचवरचा कागद काढत होते.

हॉरेसने ठसा घेतला आणि बराच वेळ बघत बसला. आता चारचा आकडा दोन तऱ्हांनी काढतात. एक वरून बंद, टोक जुळलेला. आणि एक वरून तोंड उघडं ठेवलेला. कॉर्वडेलमध्ये सेहेचाळीसपासून साठपर्यंत प्रत्येक इंजिनवर नंबर ठोकला तो अल्बर्ट ग्रोकटने. त्याचा चार बंद असायचा आणि सगळे आकडे उजवीकडे कललेले. सिरिलच्या गाडीवर चारचे दोन आकडे होते. दोन्ही उघडे, ताठ, आणि खोल ठोकलेले. त्या आठवड्यांची पाठवणीची वही उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे विचारायचं ते आकड्यांनाच.

"हा कारखान्याचा नंबर नाही," हॉरेस म्हणाला. "साधी ऑस्प्रे आहे. नंबर घासून कोणीतरी वर स्पोर्टचा ठोकलाय. बनावट."

सिरिलने विचारलं, "कोणी?"

"ते मला माहीत नाही."

पण गाडी दोनच माणसांच्या हातात राहिली होती.

सिरिल नाताळच्या जेवणाला लेनच्या घरी गेला आणि बदकाच्या ताटासमोर भावाला म्हणाला की तू मला शेंडी लावलीस. लेन म्हणाला, फाटकाआत मी स्वतः उभा होतो, नंबर एका पोरीने ठोकला, माझ्या डोळ्यांदेखत. सिरिलने पुढच्या मंगळवारी हे जसंच्या तसं हॉरेसला येऊन सांगितलं. हॉरेस म्हणाला, "कॉर्वडेलमध्ये नंबर ठोकायला मुलगी कधीच नव्हती." एवढंच म्हणाला. सिरिलला तेवढं पुरलं. थापही धड मारता येत नाही लेनला, असं तो पुढे कित्येक वर्षं सांगत राहिला. दोघा भावांची घरं दोन मैलांवर. पुन्हा भेट नाही. लेन पंच्याण्णवला गेला, सिरिल अंत्यविधीला गेला नाही. त्या मंगळवारी तो क्लबमध्ये होता. मी त्याला वाटाणे आणि खारवलेलं डुकराचं मांस वाढलं, त्याने सगळं संपवलं.

गाडी त्याने विकली नाही. उलट, हॉरेसने नव्या सभासदांना शिकवायला बनावट नंबरांचा एक फळा तयार केला, त्यात सिरिलने स्वतः होऊन आपल्या नंबरचा ठसा लावायला दिला. खाली लिहिलेलं: "उघडा चार. असा दिसला तर सावध."

तो फळा आम्ही दर उन्हाळ्यात जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मांडतो. २००३ च्या जूनमध्ये तिथे एक बाई आल्या. सत्तरीच्या आसपास, हातात पिशवी, पिशवीत कोबी. मी त्यांना ओळखत होते, सिल्व्हिया रेबोल्ड. चर्चच्या जत्रेत कुत्र्यांच्या गळ्यातल्या पितळी चकत्या करून विकायच्या. त्या फळ्यासमोर थांबल्या, चष्मा वर केला, खाली केला.

"हा माझा आहे," त्या म्हणाल्या.

हॉरेस म्हणाला, "काय तुमचं?"

"हा नंबर. मी ठोकलाय. खाली 'सावध' कशाला लिहिलंय?"

हॉरेसने नाक फेंदारलं. म्हणाला, "बाई, कॉर्वडेलचे नंबर अल्बर्ट ग्रोकट ठोकायचा."

"ठोकायचा ना. आणि एक्कावन्नच्या सप्टेंबरात सायकलवरून पडून मनगट मोडून घेतलं. तीन आठवडे घरी. तुम्हाला अल्बर्ट माहीत नाही वाटतं. आकडे ठोकण्याचे पंच कपाटात ठेवून, कुलूप लावून, किल्ली घेऊन गेला घरी. माणूस पाठवला मागायला, तर देईना. माझे पंच माझ्याशिवाय कोणी धरायचे नाहीत, म्हणाला. मी पितळी पाट्यांच्या विभागात. सतरा वर्षांची. फोरमन आला नि म्हणाला, सिल्व्हिया, तुझे पंच घे आणि ये. मग मी माझ्या पाट्यांच्या पंचांनी ठोकले. एकसष्ट इंजिनं. हात खोल बसायचा माझा, कडक पितळेची सवय नव्हे का, म्हणून बोलणीही खाल्ली. अल्बर्टला कळल्यावर तो माझ्याशी साठ सालापर्यंत बोलला नाही."

हॉरेस म्हणाला, "याला पुरावा काय?"

माझा कुत्रा पिकल टेबलाखाली झोपला होता. सिल्व्हियाबाईंनी पायानेच त्याच्याकडे दाखवलं. "त्याची चकती बघा. मीच केलीय. त्याच पंचांनी."

पिकलच्या गळ्यातल्या चकतीवर माझा फोन नंबर. त्यात चारचा आकडा तीनदा येतो. हॉरेस गवतावर पालथा पडला, भिंग काढलं, आणि पिकलच्या मानेवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायला लागला. पिकलला गुदगुल्या होत होत्या. बाजारातली माणसं जमली. सहा वर्षं तो कुत्रा दर मंगळवारी हॉरेसच्या पायाशी बसत होता आणि हॉरेस त्याची मान खाजवत होता.

तो उठला तेव्हा त्याच्या गुडघ्यांना गवत लागलं होतं. दोन्ही ठसे शेजारी शेजारी धरून त्याने इतका वेळ बघितलं की सिल्व्हियाबाई म्हणाल्या, "अहो, माझा कोबी सुकतोय," आणि निघून गेल्या.

पुढच्या पंधरवड्यात हॉरेसने काय काय केलं ते सगळं सांगत नाही. त्याने सिल्व्हियाबाईंचे पंच पाहिले, अल्युमिनियमच्या तुकड्यावर ठोकून घेतले, अल्बर्टच्या भाचीकडून मनगटाच्या दुखण्याची चिठ्ठी मिळवली, डर्बीला जाऊन त्याच तीन आठवड्यांतलं दुसरं एक इंजिन शोधून काढलं. तिथेही उघडे चार. संशयाला जागा उरली नाही. मग तो माझ्या घरी आला आणि स्वयंपाकघरात बसला. चहा दिला, प्याला नाही.

"सिरिलला सांगायला हवं," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मला राग आला की मी भांडी घासते. मी स्वच्छ भांडी परत घासायला घेतली. "सांगायला हवं म्हणजे? पंच्याहत्तर वर्षांचा आहे तो. भाऊ मेला. मातीलाही गेला नाही हा. आता तू त्याला जाऊन सांगणार की तुझा भाऊ खरं बोलत होता? काय करायचं त्याने ते ऐकून? लेन परत येणार आहे का?"

"नाही."

"मग गप्प बस. तो फळ्यावरचा कागद काढ, चुलीत घाल, आणि जन्मात एकदा तोंड मिटून बस. तुला नाही जमणार, पण प्रयत्न कर."

"पत्र चुकीचं दिलं मी."

"पत्र दिलंच नव्हतंस तू."

"तेच चुकलं," हॉरेस म्हणाला.

मी त्याला पुष्कळ बोलले. म्हटलं, तुला तुझं मन हलकं करायचंय आणि ओझं त्याच्या डोक्यावर ठेवायचंय. हे त्याला लागलं. त्याचा चेहरा पार उतरला. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही, कारण मला तो खराच वाटत होता. तो उठला, कप उचलून मोरीत ठेवला, म्हणाला, "तो दर मंगळवारी मला बिअर आणून देतो, मॉरीन. अजून आणेल. मी पिऊ कशी?"

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं सिरिलकडे गेलो. मी कशाला गेले, तर हॉरेसला एकट्याने सोडलं असतं तर त्याने दारातच पेन्सिलीचे ठसे दाखवायला सुरुवात केली असती. सिरिल खुशीत होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, कोणी आलं की त्याला बरं वाटायचं. त्याने केक कापला. हॉरेसने केकची बशी बाजूला सारली आणि टेबलावर सगळं मांडलं: ठसे, चकती, दुखण्याची चिठ्ठी, डर्बीच्या इंजिनाचा ठसा. एकेक करून समजावून सांगितलं. आवाज नेहमीसारखा, वर नाही खाली नाही. शेवटी त्याने पाकिटातून पत्र काढलं. कॉर्वडेल ऑस्प्रे स्पोर्ट, बावन्नचं मॉडेल, सप्टेंबर एक्कावन्न, नंबर अस्सल.

सिरिल पत्राला हात लावेना. "म्हणजे पोरीनेच ठोकला," तो म्हणाला.

"हो."

"लेन म्हणाला होता."

"हो. तू मला सांगितलंस, आणि मी नाही म्हटलं. चूक माझी आहे, सिरिल. सगळी."

सिरिलने खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं आता हा ओरडेल, किंवा रडेल. तो म्हणाला, "सगळी कशी तुझी? तू नंबर बनावट म्हणालास. त्याला चोर मी म्हटलं."

"मी बनावट म्हटलं म्हणून."

"लहानपणापासून सगळं लेनला आधी मिळायचं. बूट, सायकल, बापाची शाबासकी. मला उतरलेलं मिळायचं. तू म्हणालास बनावट, आणि मला काय आनंद झाला, हॉरेस, तुला सांगतो. अखेर सापडला, असं झालं. लेनने परत एकदा तोंड उघडलं असतं तरी मी ऐकलं नसतं."

"तरी अर्धी माझी," हॉरेस म्हणाला.

"बरं, अर्धी तुझी."

दोघं असे बसले होते की जणू वाटणी करायला पंच बोलावलाय. मी केक खाल्ला. कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

मग सिरिल म्हणाला, "एडनाला सांगायला हवं." एडना लेनची बायको. "मला ती दार उघडणार नाही. तुम्ही चला."

माझ्या मोटारीतून गेलो, क्रॅडली हीथला तिच्या घरी. हॉरेस पुढे, सिरिल मागे, त्याने वाटेत टाय बांधला. दार हॉरेसने वाजवलं. एडनाने उघडलं, हाताला पीठ, आणि आमच्या मागे फाटकाशी उभा राहिलेला सिरिल तिला दिसला. तिने दार लावलं नाही, पण आत या असंही म्हणाली नाही.

हॉरेसने पत्र उघडलं आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून मोठ्याने वाचलं. इंजिन नंबर, चासी नंबर, मॉडेल, साल, सही. अक्षरही गाळलं नाही. एडना ऐकत होती.

"झालं?" ती म्हणाली.

"हो. त्या वेळी मी चुकीचं सांगितलं. तुमचे यजमान खरं बोलत होते."

"मला कशाला सांगता? मी होते तिथे. आमचं नुकतंच जमलं होतं, फाटकापासून त्याच्या मागे बसून घरी आले मी. लाल केसांची पोर होती, हातोडी तिच्या मनगटाएवढी जाड."

हॉरेसचं तोंड उघडं राहिलं. "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला विचारलं कोणी? वह्या विचारल्यात, आकडे विचारलेत. नाताळला बदक कोणी भाजलं होतं? मीच ना? मी ताटं घेऊन उभी होते. दोघांपैकी एकाने मान वर करून बघितलं नाही."

एकोणीस वर्षांत मलाही सुचलं नव्हतं की लेनला बायको आहे, तिला विचारावं.

सिरिल फाटकापासून चार पावलं पुढे आला. टोपी काढून हातात धरली. "एडना," तो म्हणाला, "मी पार चुकलो गं."

एडनाने पिठाचे हात एप्रनला पुसले, सावकाश, एकेक बोट.

"शेवटच्या आठवड्यात लेनला बोलवत नव्हतं," ती म्हणाली. "तरी मला जवळ बोलावून म्हणाला, सिरिल आलाच, तर त्याला सांग, गाडीचं मी खोटं बोललो होतो. नंबर मीच ठोकला, असं सांग. मी म्हटलं, असं कसं सांगू, तू नाही ठोकलास. तर म्हणाला, सांग गं, म्हणजे तो आत तरी येईल."

शेजारच्या घरात रेडिओ चालू होता.

"तू आला नाहीस," एडना म्हणाली, "म्हणून ते खोटं बोलायचं माझं राहून गेलं."

मला रडू आलं, ते सांगायला लाज कसली. एडना आत गेली, दार तसंच ठेवून. सिरिल पायपुसण्यापर्यंत गेला आणि तिथे उभा राहिला. हॉरेसने पत्राची घडी घातली, ती सिरिलच्या कोटाच्या खिशात सारली, आणि आम्ही दोघं गाडीत जाऊन बसलो.